अक्काच्या मानेतल्या चकत्या

त्या सोमवारी मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी अक्काच्या मानेत कातडीखाली दोन चकत्या बसवल्या. कागदावर सही मी केली.

अक्का माझी मोठी बहीण. आई गेल्यावर मिरकरवाड्यात मासळी विकून तिनं मला शिकवलं, आणि मी रत्नागिरीतच शाळेत शास्त्र शिकवू लागले. तिला मिश्रीची सवय होती. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा तिच्या गालात कॅन्सरची गाठ निघाली, मग मानेत. प्लॅटिनमपासून केलेलं एक औषध अशा गाठींवर देत असत. पण ते शिरेतून दिलं की मूत्रपिंडांवर ताण येई, आणि अक्काची मूत्रपिंडं आधीच अधू होती.

"इंजेक्शन देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आमचा एक प्रयोग चालू आहे."

चकती पॉलिमरची, शर्टाच्या बटणाएवढी. अंगात ती सावकाश विरघळणार आणि आतलं औषध कित्येक आठवडे गाठीपाशीच थोडं थोडं सुटत राहणार. बाकीच्या शरीराला झळ कमी, उलट्याही जवळजवळ नाहीत.

कागद इंग्रजीत होता. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की निम्म्या रोग्यांच्या चकत्यांत औषध नसेल, आणि कोणाच्या ते प्रयोग संपेपर्यंत डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. मी ते दोनदा वाचलं. अक्का बाकावर बसून माझ्याकडे बघत होती.

"एवढं काय लिहिलंय गो?"

"औषधाची माहिती आहे."

खरं सांगितलं असतं तर ती पिशवी उचलून सरळ एसटी स्टँडवर गेली असती. कल्ला उघडून बघितल्याशिवाय तिनं आयुष्यात कधी मासा घेतला नव्हता.

घरी आल्यावर ती जेवू लागली. वॉर्डात इंजेक्शन घेणाऱ्या बायका घास टाकून उठताना मी पाहिल्या होत्या. अक्का बांगड्याचं तिखलं करायला लावायची आणि पुन्हा भात मागायची. तिनं ताट पुढे केलं की माझ्या मनात पाल चुकचुके. उलटी होत नाही ती चकती नीट काम करते म्हणून, की चकतीत काहीच नाही म्हणून? दोन्हींची खूण एकच होती. एका सकाळी तिला मळमळलं आणि मला बरं वाटलं. दुपारी शेजारीण सांगत आली, काल तिनं आमच्याकडेही पाठवलेल्या कालवणानं तिच्या घरात सगळ्यांचीच पोटं बिघडली होती.

"काय गो बाय, माझे घास मोजतेस?" अक्कानं एकदा विचारलंच.

"छे."

"मग बघतेस काय अशी? ह्या चकत्यांत काय भरलंय म्हणालीस?"

"प्लॅटिनम."

"सोन्यापेक्षा महाग?"

"हो."

"बघ! गळ्यात कधी काही घातलं नाही, आता कातडीच्या आत दागिना. मेले की आधी काढून घे हो, नायतर जाळशील उगाच." ती हसली आणि अंगठ्यानं चकती दाबून बघू लागली. बाजारात मासा दाबून बघायची तशीच. मग माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी आणायला उठले.

गाठ महिनाभर तेवढीच राहिली, मग वाढली. अक्का गेली, घरीच.

तिचे दिवसकार्य झाल्यावर मी डॉक्टरांना पत्र लिहून चकत्यांत काय होतं ते विचारलं. उत्तर आठवड्याभरात आलं: तिच्या चकत्यांत औषध होतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग मी ते पुन्हा वाचलं. प्रयोग संपेपर्यंत कोणालाच कळणार नाही, असं त्यांच्याच कागदात लिहिलं होतं, आणि प्रयोग अजून चालू होता. शोक करणाऱ्या बाईला भला माणूस दुसरं काय लिहील? मी पुन्हा विचारलं नाही.

चकत्यांत काय होतं ते मला माहीत नाही. रिकाम्या असू शकतात हे अक्काला माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं.