परत आलेली वर्गणी

धम्मदीपाला बसून जेवताना कुणी पाहिलेलं नाही. एका हातात ताट, तोंडात भाकरीचा तुकडा, आणि पाय स्वयंपाकघर ते अंगण, अंगण ते स्वयंपाकघर. त्या रविवारी तर दुसऱ्या हातात मोबाइल होता, त्यामुळे घास उचलायला हातच उरला नव्हता.

"बस ना वो बाई," उकंडराव खाटेवरून म्हणाले. "वरण सांडून राह्यलं. बाप हाओ मी तुहा, मांजर नाही, चाटून घ्याले."

"बाबा, थांबा. हालला आत्ता."

"कोण हालला?"

"गोल."

गोल म्हणजे तिच्या ॲपवरचं निळं कडं. ॲपचं नाव 'मांडव'. पुण्यात एका मोठ्या कंपनीत ती संगीत महोत्सव उभे करायची. मनगटाला रंगीत पट्ट्या बांधलेली पोरं, धुराची यंत्रं, कानात वायर घालून धावणारी धम्मदीपा. तिथंच तिच्या डोक्यात किडा शिरला. सगळ्यात आधी प्रायोजक, मग कलावंत, आणि ऐकणारा सगळ्यात शेवटी, असं का? ऐकणाऱ्यांनीच आधी पैसे टाकावेत. ठरल्या दिवसापर्यंत ठरलेली रक्कम जमली, कडं पूर्ण झालं, की कार्यक्रम होणार. नाही जमली तर रद्द, आणि ज्याचे पैसे त्याच्या खात्यात आपोआप परत. पुढाऱ्याचा फोटो नको, कुणाचे पाय धरायला नको. नोकरी सोडून ती वाशीमला परतली तेव्हा कंपनीचे साहेब म्हणाले होते, "हौस फिटली की सांग." परवा त्यांचाच फोन आला. "सोमवारपर्यंत वाट बघतो. मग तुझ्या जागी दुसरं कुणी घेतो."

आणि मांडवाचा पहिला कार्यक्रम होता अंजनामावशीचा.

अंजनामावशी म्हणजे धम्मदीपाच्या आईची धाकटी बहीण. शिरपूरच्या रस्त्यावरच्या एका गावात राहायची. एके काळी तिची स्वतःची गायन पार्टी होती. पेटी, बँजो, ढोलकी, आणि मध्ये पदर खोचून उभी अंजना. जयंतीच्या दिवसांत दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच फेडायचा. मग डीजेच्या गाड्या आल्या. बँजोवाला वारला, ढोलकीवाला रामधन पुण्याला वॉचमन झाला, आणि मावशी तुरीच्या शेंगा तोडताना स्वतःशीच सवालही गाऊ लागली आणि जवाबही.

"माह्यासाठी पैसे?" धम्मदीपानं सांगितलं तेव्हा ती हसली होती. "मोबाइलमंधून? कोण देईन वो?"

"तू फकत गळा तयार ठेव, मावशी."

मावशीनं त्या दिवसापासून लोणचं सोडलं. चिंच सोडली. रामधनला निरोप धाडून सुट्टी काढायला लावली.

आणि पहिले कित्येक दिवस त्या कड्यात मुंगीएवढाही निळा रंग आला नाही.

"ताई, हे काय लिहलं तू?" तिचा भाऊ उत्कर्ष ऑटो चालवायचा, वाशीम ते शिरपूर. त्यानं ॲप उघडून ओळ वाचून दाखवली, "'देणाऱ्याचं नाव गुप्त राहील.' कायले?"

"लोकांची खासगी गोष्ट असते रे."

"आपल्याकडं गुप्त पैसे इलेक्शनमंधी देतेत. गाण्याले नाही."

धम्मदीपा उभ्या उभ्या थबकली. लहानपणी मावशीच्या मांडीशी बसून तिनं हेच तर पाहिलं होतं. गाणं ऐन रंगात आलेलं असताना कुणीतरी नोट घेऊन पुढं यायचा. मावशी गाणं तिथंच थांबवायची, त्या माणसाचं नाव घ्यायची, गावाचं नाव घ्यायची. तो उपरणं सारखं करायचा, चारी बाजूला बघायचा, मग बसायचा. मग गाणं पुढं. हे तिला ठाऊक होतं; पुण्यात राहून ठाऊक असल्याचंच विसरली होती.

दुसऱ्याच दिवशी उत्कर्षच्या ऑटोवर भोंगा चढला. रोज संध्याकाळी धम्मदीपा मागच्या सीटवर गुडघे टेकून, माइक तोंडाशी धरून मावशीच्या गावातून आणि शेजारच्या तांड्यावरून फिरू लागली. "मांडवासाठी भेट! देणार, सेवालाल, साउंडवाले!" सेवालाल तांड्यावर राहायचा, लग्नाचे मंडप आणि भोंगे भाड्यानं द्यायचा. नाव ऐकताच त्यानं दुकानातला रेडिओ बंद केला आणि उगाचच रस्त्यावर येऊन उभा राहिला. गोमतीबाईनं नातवाच्या मोबाइलवरून पैसे टाकले आणि आपलं नाव येईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून थांबली. नाव आलं, तशी शेजारणीला म्हणाली, "आयकलं काय? नाही आयकलं? थांब, ते पोरगी वापस फिरून येईन."

कडं भरू लागलं. अर्धं झालं, पाऊण झालं. आणि रविवारी, शेवटच्या दिवशी, बोटभर जागा उरलेली असताना ते अडलं ते अडलंच.

"सहा वाजले का मुदत संपते," उत्कर्ष म्हणाला. तो दारात ऑटोच्या किल्लीशी चाळा करत उभा होता. "ताई, बाकीचं मी टाकतो. टायराचे ठेवले हायेत."

"नाही."

"मंग बाबा टाकतीन."

"मी कायले?" उकंडराव म्हणाले, पण त्यांचा हात उशीखालच्या पाकिटाकडं गेलेलाच होता.

"बाबा, नाही. आपुनच भरलं तं मांडव कोणाचा? घरचं लगन होईन ते. मंग मी लोकाले काय दाखवू, का माह्या भावानं टायर इकून कार्यक्रम केला?"

"पण मावशी..." उत्कर्ष म्हणाला.

ताट ओट्यावर आपटून धम्मदीपा अंगणात गेली, परत आली, पुन्हा गेली. सहा वाजले. उत्कर्षचा मोबाइल टिंग वाजला. त्यानंही थोडे टाकले होते. 'तुमची रक्कम परत करण्यात आली आहे.' तिला वाटलं, शिरपूरच्या रस्त्यावरच्या घराघरांत आत्ता हेच टिंग वाजत असणार.

मावशीचा फोन आला.

"झालं का वो?"

"नाही झालं, मावशी. थोड्यासाठी राहिलं."

पलीकडं कुणीतरी ढोलकीवर बोटं टेकवत होतं, ते थांबलं.

"बरं," मावशी म्हणाली. "मंग मी आता लोणचं खातो."

सोमवारी सकाळी धम्मदीपा आंघोळ करून, केस न विंचरताच ऑटोत जाऊन बसली.

"चल."

"कुठी?"

"गावात. सगळ्याइचे पैसे वापस गेले, हे पुकारून सांगू."

उत्कर्षनं मान वळवली. "कार्यक्रम रद्द झाला, एवढंच सांग ना. नावं कायले घेते?"

"नावं घेऊन घेतले, तं नावं घेऊनच देऊ. लोकाले दिसलं पाह्यजे, का अठी चोरी नाही. इश्वास बसला तं पुढचा कार्यक्रम होईन."

"आणि पुण्याचे साहेब?"

"चाल म्हणतो ना तुले!"

गावात नळ आले होते. हंडे रांगेत, बाया रांगेत. भोंगा खरखरला. "ऐका हो! अंजनाबाईंच्या गायनाचा कार्यक्रम रद्द झाला आहे. सेवालाल, साउंडवाले, रक्कम परत! गोमतीबाई, रक्कम परत!"

एरवी नाव आलं की कुणीतरी हात वर करायचं, कुणी शिट्टी मारायचं. आज नळाचं पाणी तेवढं वाजत राहिलं. धम्मदीपाला वाटलं, लोकांना वाईट वाटतंय. तिनं आवाज आणखी वाढवला. पुढची नावं घेतली. परत, परत, परत.

गोमतीबाईनं भरलेला हंडा खाली ठेवला. तिच्या शेजारची बाई दोन पावलं बाजूला सरली होती, का कोण जाणे.

तेवढ्यात धूळ उडवत सेवालालची मोटरसायकल आली आणि ऑटोसमोर आडवी उभी राहिली.

"बंद कर ते!"

"काका..."

"बंद कर म्हणतो! काय गुन्हा केला मी? सांग, साऱ्याइच्या समोर सांग!"

"काका, गुन्हा कायचा? कडं भरलं नाही, म्हून ते आपोआप..."

"आपोआप?" सेवालालनं चारी बाजूला बघितलं, सगळ्यांना साक्षीला बोलावल्यासारखं. "वर्गणी आपोआप वापस येते काय? कार्यक्रम झाला नाही तं पैसे पुढच्या साली लागतेत. पंगतीत लागतेत, भांडे घेतेत त्याचे. वापस कोणाची करतेत, मालूम हाय? ज्याले गावानं टाकलं त्याची! रात्री वापस केले ते केले, सकाळी भोंगा लावून सांगून राह्यली!"

"आमी काय कमी दिले काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

गोमतीबाई पुढं आली. ती ओरडली नाही. ऑटोच्या दांडीला धरून, धम्मदीपाकडं बघत तिनं हळूच विचारलं, "माय, माह्या पैशाले इटाळ होता काय?"

धम्मदीपाच्या हातातला माइक एकदम जड झाला.

तिला आठवला आजोबांचा रुपया. उकंडराव ही गोष्ट नेहमी सोंग घेऊन सांगायचे, आणि लहानपणी सगळी भावंडं पोट धरून हसायची. धम्म स्वीकारला त्याच्या दुसऱ्या वर्षी गावच्या नाटकाला आजोबांनी रुपया दिला होता. नाटकवाल्यांचा माणूस तो परत घेऊन आला, पण दारात नाही आला. लांबूनच ओट्यावर ठेवला आणि पळाला. उकंडराव त्या माणसाचं पळणं करून दाखवायचे, धोतर सावरत. हसणं तिथं यायचं. पुढचं ते एका वाक्यात उरकायचे: आजीनं तो रुपया कोनाड्यात ठेवला आणि घरात कुणी त्याला हात लावला नाही.

त्या रुपयाचा भोंगा धम्मदीपानं आज गावभर वाजवला होता. तिला खाली उतरावंसं वाटलं, पळावंसं वाटलं, पुण्याची गाडी पकडावीशी वाटली. ती उतरली आणि गोमतीबाईसमोर उभी राहिली.

"आजी, चुकलं माह्यं," ती म्हणाली. माइक अजून चालू होता, ते सगळ्या गावाला ऐकू गेलं. "मले वाटलं, वापस दिले का मान राह्यते. इटाळ काहीच नव्हता. माह्या आज्याचा रुपया असाच वापस आला होता, आणि मीच इसरलो."

सेवालालनं खिशातून नोटा काढल्या. "मंग हे धर."

"नाही घेता येत, काका. ॲप बंद झालं."

"ॲप बंद झालं, तुह्ये हात बंद झाले काय?"

कुणीतरी हसलं. धम्मदीपा नाही हसली. ती ऑटोभोवती एक चक्कर मारून आली, ओठ चावत. उत्कर्षला ते चालणं माहीत होतं. त्यानं ऑटोचं इंजिन बंद केलं.

"आयका," ती माइकवर म्हणाली. "आज मी कोणाच्याच हातून घेत नाही. कडं नव्यानं उघडतो. या वेळी पैसे आपोआप वापस येनार नाहीत. कमी पडलं तं मी दारात येऊन इचारीन, वापस पाह्यजेत का पुढच्या गाण्याले लावू. ज्यानं त्यानं सांगावं."

"आणि कमी कायले पडन?" सेवालाल म्हणाला. "त्या गोलात माह्या मंडपाचं भाडं धरलं होतं ना तू? काढ ते."

"फुकट नको, काका. मांडवात फुकट काहीच नाही."

"फुकट कोण म्हणते बाप्पा? माह्यं नाव दोन वेळा पुकार."

आता सगळेच हसले. नळावरच्या बायासुद्धा. धम्मदीपानं माइक तोंडाशी नेला. "सेवालाल, साउंडवाले, वर्गणी कायम! गोमतीबाई, वर्गणी..."

"अवं, नाव घेऊन राह्यली का हजेरी?"

अंजनामावशी गल्लीतून येत होती. एका हातात लोणच्याची फोड होती, अर्धी खाल्लेली. मागं रामधन, खांद्यावर पुण्याला परत न्यायची बॅग. मावशीनं फोड रामधनच्या हातात कोंबली, बोटं पदराला पुसली आणि भाचीच्या हातातून माइक काढून घेतला.

"गोमतीबाई..." ती नुसतं म्हणाली नाही. नावातला 'बाई' तिनं वर चढवला, तिथं थांबवला, झुलवला, आणि मग गावाच्या नावावर आणून अलगद ठेवला. आवाज पहिल्यांदा फाटला. दुसऱ्यांदा नाही फाटला. रामधननं बॅग खाली टाकली, लोणचं तोंडात घातलं आणि ऑटोच्या पत्र्यावर दोन्ही तळवे मारले.

"अबे, पत्रा!" उत्कर्ष ओरडला. कुणी लक्ष दिलं नाही.

गोमतीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. शेजारची बाई परत तिच्या खांद्याला खांदा लावून आली होती.

"अजून एक वेळ घे," गोमतीबाई म्हणाली. "हिनं नाही आयकलं."

धम्मदीपाचा मोबाइल उत्कर्षच्या खिशात वाजू लागला. त्यानं काढून बघितला. "ताई! पुण्याहून फोन हाय!"

"उचल!"

"काय सांगू?"

"सांग, आयकू येत नाही म्हून!"

आणि खरंच काही ऐकू येत नव्हतं. उत्कर्ष एक कान दाबून "सर, सर, जोरात बोला" म्हणत राहिला.

"बस ना वो आता, धम्मा," मावशी दोन नावांच्या मध्ये माइक बाजूला करून म्हणाली. "पाह्य जराशी."

"बसतो, मावशी," धम्मदीपा म्हणाली. पण पलीकडच्या गल्लीतलीही नावं तिनं मघाशी 'परत' म्हणून पुकारली होती, आणि तिथली दारं अजून बंद होती. ओढणी कमरेला बांधत ती पळत सुटली, पहिल्या दाराची कडी वाजवायला.