पहिल्या पोत्यातलं कुंकू

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या अख्ख्या गावाला माहीत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवता शिकवता नोकरी संपली, आणि मी मानवतजवळच्या आमच्या शेतावर येऊन बसले. आधी पोरांवर ओरडायची, आता कापूस वेचणाऱ्या बायांवर ओरडते. सून पुण्यातली नोकरी सोडून इथं यायचं म्हणाली, तेव्हा आधी तिच्यावरच ओरडले.

सून कापडाच्या धंद्यातली इंजिनियर. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना कंपनी काढायची होती, आणि ती म्हणे स्टार्टअप! डोंबलाचं स्टार्टअप, मी म्हटलं, इथं लाइट टिकत नाही. ती शांतपणे म्हणाली, आई, एक हंगाम द्या. एखादी गिरणी आमच्याकडून कापूस घ्यायला तयार झाली तर राहीन, नाहीतर रानातल्या शेडला कुलूप लावून परत जाईन. एवढं सरळ बोलल्यावर मी हो म्हटलं. मुलगा पुण्यातच राहिला, सुट्टीला यायला लागला.

तिचं म्हणणं असं, की आपल्याकडचा कापूस चांगला, पण घाण फार. खताच्या पोत्याचे धागे, केस, पिसं, गुटख्याच्या पुड्या. खताच्या पोत्याचा एक धागा सुतात गेला तरी त्याच्यावर रंग चढत नाही आणि कापडाचं अख्खं थान वाया जातं. म्हणून तिघींनी मशीन बांधलं. एक लांबलचक पट्टा, वर दिवे, दिव्यांमध्ये कॅमेरे. पट्ट्यावरून कापूस पसरून जातो आणि कॅमेऱ्याला जे कापूस वाटत नाही, त्याच्यावर हवेची फुंकर बसते. तेवढाच बोळा बाजूच्या डब्यात पडतो. शिवाय प्रत्येक पोत्याला चिठ्ठी. मोबाइल धरला की शेत कोणतं, दिवस कोणता आणि वेचणारी कोण, सगळं समोर.

मी काय सहजासहजी मानणारी आहे का? एकदा गुपचूप लसणाचं पांढरं साल टाकलं. डब्यात. मग डोक्यातला पांढरा केस उपटून टाकला. तोही डब्यात! पांढऱ्या कापसात माझा पांढरा केस मला स्वतःला चष्मा लावूनही सापडला नसता. त्या दिवशी संध्याकाळी मी सुनेच्या आवडीच्या दशम्या केल्या. पोरींच्या डोक्याचं मला खरंच कौतुक वाटलं होतं.

मग मीही कंबर कसली. बायांना सुनेनं वेचलेला कापूस भरायला कमरेला बांधायच्या सुती कापडाच्या ओट्या दिल्या, केसांना बांधायला फडकी दिली. त्यांच्यात एक बाई माझ्याच वयाची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती आमच्या रानात कापूस वेचते. कमरेला तंबाखूची चंची कायम. मानवतच्या व्यापाऱ्यानं कापसात काही सापडलं म्हणून कधीही तोंड वाकडं केलं, की मी हिच्यावरच तोंडसुख घ्यायची. या हंगामात मात्र ती चंची बांधावरच्या कडुलिंबाला टांगून मगच कापसात उतरायची. तरी मी येता-जाता तिची ओटी झाडून बघायची.

गिरणीचा खरेदीदार यायचा दिवस ठरला. लांब दक्षिणेकडचा माणूस, हिंदीत बोलणारा. वीस पोती त्याच्यासमोर मशीनवरून जायची होती. त्यावरच सगळं होतं. सुनेनं दोन रात्री धड झोप घेतली नव्हती.

पहिलं पोतं मी वेचलेलं होतं. आमच्या घराची रीतच आहे, पहिल्या वेचणीला रानात सीतादही करायचं, म्हणजे दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, घरच्या बाईनं पहिलं पोतं भरायचं, आणि ते घराबाहेर पडताना कापसाला हळदकुंकू लावायचं. सुनेनं बजावून ठेवलं होतं, आई, हळदकुंकू मशीनला लावा, कापसाला नको. मी हो म्हटलं. पण सकाळी मन राहीना. एवढं मोठं काम, आणि पांढऱ्या कपाळानं कापूस घराबाहेर काढायचा? मी पोत्याची शिवण उसवली, चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आत लावलं, वर कापूस दाबला आणि पुन्हा शिवून टाकलं. ज्या मशीननं माझा केस धरला त्याला लाल कुंकू दिसणार नाही, असं मला कसं वाटलं? वाटलं नव्हतंच. शुभ गोष्टीला कुणी घाण म्हणेल, हेच डोक्यात आलं नव्हतं.

पहिलं पोतं पट्ट्यावर पसरलं आणि फुंकरीवर फुंकर सुरू झाली. मग लाल दिवा लागला आणि मशीन थांबलं. खरेदीदारानं डब्यातला बोळा उचलला, बोटांत चुरगाळला आणि म्हणाला की ही पानतंबाखूची पिंक आहे. सगळ्यांनी त्या बाईकडं पाहिलं. ती शेडच्या दारात उभी होती. तिचा हात रिकाम्या कमरेकडं गेला.

मीही तिच्याकडंच पाहिलं. मला ठाऊक होतं ते काय आहे, तरी पाहिलं. इज्जतीला भ्याले आणि गप्प बसले. आज लिहितानाही लाज वाटते.

सुनेनं चिठ्ठीवर मोबाइल धरला. वाचलं. मान वर करून एकदा माझ्याकडं बघितलं. एक हंगाम, दोन मैत्रिणी, सोडलेली नोकरी, सगळं तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. मोबाइल खिशात घालून ती सहज म्हणू शकली असती, की चूक झाली, हे पोतं बाजूला काढते.

"हे पोतं माझ्या सासूबाईंनी वेचलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आई, यात काय आहे?"

"कुंकू," मी म्हटलं.

सुनेनं खरेदीदाराला तेच हिंदीत सांगितलं. पोतं बाजूला काढायला लावून बाकीची एकोणीस त्यानं डोळ्यात तेल घालून बघितली. जाताना पुढच्या हंगामाचाही शब्द देऊन गेला. म्हणाला, जी सासूचं नाव झाकत नाही ती माझ्यापासून काय झाकणार? तिन्ही पोरी गळ्यात गळा घालून रडल्या. सून माझ्यावर एका शब्दानंही रागावली नाही, आणि तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे न सांगितलेलं बरं.

सगळे गेल्यावर ती बाई लिंबाखाली चंची सोडत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. माफी मागायची सवय नाही. चुकलं माझं, एवढंच म्हटलं.

तिनं तंबाखू मळून चिमूट तोंडात धरली. रागानं नाही, अगदी सहज म्हणाली, "मशीन लय इमानी हाय, बाई. पर ते न्हवतं तवाबी कापसात कायबाय घावायचंच की. तवाचं कुणाचं व्हतं?"

ती उठली, ओटी झटकली आणि, मी न मागता, माझ्यासमोर धरली.