लोकरीची मेंढरं

शिक्रापूरच्या अंगणवाडीत मी सेविका, आणि माझ्या हाताखाली एक मदतनीसबाई. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, शिकलेल्या चौथीपर्यंत. खेळातून शिक्षण कसं द्यायचं याची प्रशिक्षणं मी घेतलेली, तरी मुलं सकाळी आली की त्यांच्याकडेच धावायची. मी हजेरी भरत जळत बसायचे. खोटं कशाला बोलू?

त्यांचं घर मेंढपाळांचं. एकदा त्यांनी घरच्या लोकरीची बारा मेंढरं वळून आणली. नवं धोरण म्हणतं, मुलांना खेळण्यांतून शिकू द्या. म्हणून मी लगेच ती मोजायला घेतली. एक, दोन, तीन. मुलं जांभया द्यायला लागली. मग त्यांनी एक मेंढरू पदराखाली लपवलं आणि विचारलं, "सांगा बरं, कोण न्हाई?"

"कानतुटकी," मुलं म्हणाली. रांजणगावच्या कंपनीत कामाला आलेल्या बिहारी जोडप्याची मुलगी महिनाभर तोंड उघडत नव्हती, तीसुद्धा म्हणाली. तिच्यासाठी मी किती गाणी म्हटली होती! माझ्या पोटात दुखलं ते तेव्हा.

त्या खिचडी ढवळायला गेल्या, तेवढ्यात मी मेंढरांसोबत माझा फोटो काढून पर्यवेक्षिकाबाईंना पाठवला. "छान कल्पना, ताई," असं उत्तर आलं. मी "धन्यवाद" लिहिलं. पाठोपाठ दौंडच्या खेळण्यांच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. मदतनीसबाईंना मी 'मीटिंग आहे' एवढंच सांगितलं आणि मेंढरं पिशवीत भरली.

दौंडला सगळ्या सेविकांपुढे ऐटीत खेळ मांडला. पर्यवेक्षिकाबाईंनी मला पाठ फिरवायला लावून एक मेंढरू उचललं. "सांगा ताई, कोण नाही?"

मी मोजली. अकरा. पुन्हा मोजली, अकराच. एक कमी आहे एवढं कळत होतं, पण मला ती सगळी सारखीच दिसत होती. मागं कुणीतरी हसलं.

"खेळ आमच्या मदतनीसबाईंचा आहे," मी मान खाली घालूनच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं. फोटो, धन्यवाद, दौंड, सगळं. ऐकता ऐकता त्यांनी पिशवी उघडून आत नजर टाकली.

"आसू द्या, बाई. पर काळतोंडी कुठं हाय?"

ती पर्यवेक्षिकाबाईंच्या टेबलावरच राहिली होती. मदतनीसबाईंनी काही मोजलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. मी माफी मागत होते, आणि मागता मागता पुन्हा जळत होते.