गणपतीपुढचा पडदा

वादात मी दादाला कधी जिंकू दिलं नाही. त्याची झळ आईला लागली, आणि ती तीन वर्षं लागत राहिली.

दिंडोशीला माझं एक खोली-किचनचं घर. बाबांनंतर आई माझ्याकडे, म्हणून गौरी-गणपतीही माझ्याकडेच. आमच्या कोकणातल्या रीतीने गणपतीला मोदक आणि गौरीला दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य, म्हणजे वडे आणि बांगड्याचं तिखलं. दोघं मायलेक एकाच टेबलावर बसतात, म्हणून गौरीचं ताट आलं की गणपतीपुढे पडदा लावायचा. आईची जुनी साडी आणि दोन चिमटे.

मग दादाने गळ्यात माळ घातली. स्वतः मासे सोडलेच, वर गौरीला मासे दाखवणंही पाप, म्हणायला लागला. मी काय गप्प बसणारी? ग्रंथ काढले, पानांना खुणा केल्या आणि भर जेवणात त्याला विचारलं, "दाखव कुठे लिहिलंय. आजी, पणजी सगळ्या नरकात का रे?" तो ताटावरून उठून गेला. मला तेव्हा काय आनंद झाला होता! आज आठवलं तरी लाज वाटते. पुढची तीन वर्षं तो गौरीला आला नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. गणपती गेले की दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिट. धोका आहे, हे डॉक्टरने फक्त आम्हा भावंडांना सांगितलं होतं, पण आईला ते कळलं होतंच. ती एवढंच म्हणाली, "माका तुमका दोघांय एकत्र जेवताना बघूचा आसा." तिच्या गळ्याची शपथ घेऊन मी सांगितलं, तोंड उघडणार नाही.

गौरीच्या जेवणाला दादा आला, पण दारातच थांबला. घरभर तिखल्याचा वास. पाय आत घेईना. आई खुर्चीतून त्याच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी आत येऊन बसला आणि म्हणाला, "आई, हे खाणं सोडलं असतंस तर ही वेळ आली नसती."

माझं डोकंच सटकलं. शपथ गेली चुलीत. "म्हणजे देवाने आईला शिक्षा केली, असं म्हणतोस? लाज वाटत नाही तुला?"

"तुला जिंकायचंच असतं ना? जिंक!" असं म्हणत तो चपला शोधायला लागला. मला खुणा केलेलं पान न् पान आठवत होतं. आणि आईला धाप लागली होती.

ती उठली. बस म्हटलं तर ऐकेना. पडद्याची साडी घेतली आणि टेबलावरच्या दोन देवांमधून थेट समोरच्या कपाटाच्या कडीपर्यंत ओढून बांधली. खोलीचे दोन भाग झाले. इकडे गौर आणि माझं ताट, तिकडे गणपती आणि दादाचं. स्वतः कडेला बसली, आम्ही दोघंही दिसू अशी.

"गणपतीन कधी पडदो सारून आपल्या आयशीक इचारल्यान काय, तू काय खातंस म्हणान?" ती धापा टाकत म्हणाली. "आता जेवा."

दादासाठी वरण-भात, अळूची भाजी वेगळी ठेवली होती. मी ताट पडद्याखालून सरकवलं. दादा चपला टाकून पलीकडे बसला. मग त्याने ताट ओढून घेतलं. मी बांगडा मोडला. तेवढ्यात पलीकडून दादाचा आवाज आला, "काटे बघून खा गं."

लहानपणी माझ्या घशात काटा अडकला होता. तेव्हापासून माझा मासा तोच निवडून द्यायचा. मी अक्षरशः हुंदके देऊन रडले. आई मात्र पोटभर जेवली.

ऑपरेशननंतर ती घरी आली नाही.

एक वर्ष सण केला नाही. यंदा गौर आणली. दादाला फोन केला, पण आता तो कोणासाठी येणार, असं वाटत होतं. बारा वाजता बेल वाजली. आत येताच तिखल्याच्या वासाने त्याच्या कपाळाला आठी पडली. माझ्याही जिभेवर उत्तर आलं होतं, मी ओठ मिटले. तो देवाच्या पाया पडला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "आईची साडी कुठेय? एक टोक मी धरतो."