अर्थिंगची बादली

नरसिंगमामा कुणाच्याही घरी विजेच्या कामाला गेला, की आधी एक बादली पाणी मागतो. जुन्या घरांतल्या बायका त्याला फाटकात बघूनच हौदाकडे वळतात. नव्या घरी मात्र कुणीतरी हमखास विचारतं, विजेच्या कामाला पाणी कशाला? मामा सांगतो, "जमिनीला तहान लागली असंल. आधी तिचं बघू, मग तुमच्या फ्रिजचं."

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. वय सत्तावन्न. नांदेडच्या आयटीआयमधून वायरमन होऊन तो मुदखेडला परतला, त्याला छत्तीस वर्षं झाली. रेल्वे स्टेशनपासून आमच्या विहारापर्यंतच्या बहुतेक गल्ल्यांत त्याने कधी ना कधी वायर ओढलेली आहे. माणसांची नावं तो विसरतो, घरं विसरत नाही. "ते न्हाई का, मेन स्विचखाली पाल राहायची," असं म्हटलं की आईला लगेच घर कळतं.

घरात येणाऱ्या विजेला जमिनीत उतरायलाही एक वाट ठेवावी लागते. खड्डा खणून लोखंडी पाइप उभा करायचा, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा, घरातली एक तार त्याला बांधायची. आभाळात वीज कडाडली, लाइनीवर झटका आला, की जास्तीची वीज त्या वाटेने मातीत जिरते. हेच अर्थिंग. पण त्यासाठी माती ओली हवी. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते, पाइपापासून चक्क सुटून उभी राहते. म्हणून पूर्वी हा खड्डा न्हाणीला लागून घ्यायचे. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी आपसूक तिथे मुरायचं. त्यासाठी कुणाला मुद्दाम काही करावं लागत नव्हतं. घरात माणसं राहत होती, एवढं पुरायचं.

बादलीची सवय मामाला एका घरात लागली. साल चौऱ्याण्णव, मे महिना. स्टेशनमागच्या गल्लीत चन्नबसप्पा नावाच्या व्यापाऱ्याच्या अंगणात तो असाच खड्डा खणत होता. दुपार कलली तरी प्यायला पाणी कुणी विचारलं नव्हतं, आणि मागायचं नाही हे त्याने लहानपणीच ठरवलेलं होतं. कोणत्या घरी ओंजळीत वरून पाणी ओततात, हे आमच्या वस्तीतल्या पोरांना न सांगता माहीत असायचं. खड्डा भरून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "याला एक बादली पाणी लागंल." ओट्यावर बसलेल्या सासूने मान हलवली. नवी सून बादली घेऊन आली. बादली खाली ठेवली आणि पदराआड धरलेला भरला तांब्या तिने शेजारी ठेवला. लगेच आत गेली. मामाने तांब्या रिकामा केला, मग बादली खड्ड्यात ओतली.

तेव्हापासून तो प्रत्येक घरी बादली मागतो. खड्ड्याला पाणी लागतं, यात खोटं काही नाही. पण बादलीबरोबर तांब्या येतो का, हेही तो बघतो. हे त्याने मला कधी सांगितलं नाही, आईने सांगितलं.

त्या सुनेचं नाव मल्लम्मा. या एप्रिलमध्ये तिचाच फोन आला.

चन्नबसप्पा आता पासष्टीला आलेत. सारं आयुष्य धर्माबादला मिरचीच्या अडतीत गेलं. फुप्फुसं निकामी होत चालली आहेत. डॉक्टर कारण वेगळं सांगतात, ते मात्र मिरचीलाच दोष देतात. जानेवारीत दवाखान्यातून घरी आले ते ऑक्सिजनच्या मशीनसह. घरातल्याच सॉकेटवर चालणारं, हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं मशीन. मार्चमध्ये एका दुपारी गडगडाट झाला, बल्ब लख्ख पेटून विझला आणि मशीनचं कार्ड जळलं. घरात एक लहान सिलेंडर होता, अडीच तास पुरणारा. नांदेडहून भाड्याचं मशीन यायला सव्वादोन तास लागले.

मुलगा रुद्रेश पुण्यात नोकरीला. त्याने नवं मशीन पाठवलं आणि नांदेडचा माणूस धाडून मेन बोर्डात लाइनीवरचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला. हाताच्या दोन बोटांएवढा डबा, त्याला बारीकशी हिरवी खिडकी. खिडकी हिरवी आहे तोवर काळजी नाही, असं तो माणूस सांगून गेला. तरी वॉशिंग मशीनला हात लावला की मल्लम्माला झिणझिण्या येत होत्या.

मामाचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा, आणि महिनाभर गाडी चालवायची नाही. मी घरी आलेली होते, म्हणून त्याला स्कूटीवर मागे बसवून नेलं.

"डोळ्याला काळा चष्मा अन् हात करंटात," चन्नबसप्पा आतून म्हणाले. खाटेवर उशांना टेकून बसले होते. मशीन शीऽऽ करून थांबत होतं, पुन्हा शीऽऽ करत होतं. "नरसिंग, मला सोबत न्यायचा इचार हाय का रे तुझा?"

"तुम्हाला कुठं नेऊ मालक, तुमचं नाक भिंतीला जोडलंय."

चन्नबसप्पा हसले, हसता हसता खोकले. मल्लम्माने नळी सारखी केली आणि मामाला रागावली, "भाऊ, त्यांना हसवू नका."

मामाने बोर्ड उघडला. पिशवीतून होल्डरमध्ये बसवलेला बल्ब काढला. त्याला दोन लांब तारा. मीटरही त्याच्याकडे आहे, पण मीटरवरचा आकडा घरच्यांना कळत नाही, बल्ब सगळ्यांना दिसतो, असं तो म्हणतो. एक तार चालू लाइनीला लावली, दुसरी अर्थिंगला. मातीकडे जायची वाट चांगली असेल तर बल्ब भक्क पेटतो. इथे नुसती तारेची लाल रेघ दिसली, विझत आलेल्या उदबत्तीसारखी.

"वहिनी, न्हाणीचं पाणी कुठं जातंय?"

मल्लम्माने अंगणाकडे बोट केलं. अंगण नव्हतंच. फाटकापासून ओट्यापर्यंत फिकट करड्या रंगाची नवी फरशी. "रुद्रेशनं फेब्रुवारीत बसवली. अंगणातल्या खड्ड्यांत ह्यांची चाकाची खुर्ची अडकायची. पाण्याला पाइप टाकून पार गटारीत सोडलं."

मामाने फरशीवर टाच आपटून बघितली. मग म्हणाला, "लावा त्याला फोन."

रुद्रेशचा आवाज स्पीकरवर घाईत आला. "अव्वा, मीटिंगमध्ये आहे. अप्पा ठीक आहेत ना?"

"ठीक हाय. नरसिंगभाऊ बोलून राहिलेत, ऐक."

"रुद्रेश, तो डबा चांगला हाय," मामा म्हणाला. "पण आलेला झटका तो जमिनीत फेकणार. तुझी जमीन कोरडी ठाक हाय. फेकंल कुठं?"

"काका, चाळीस हजार अँपिअरचा आहे तो. सगळे रिव्ह्यू वाचून घेतलाय."

"डबा म्हणजे दार हाय बाबा. दाराबाहेर रस्ताच न्हाई. फरशी फोडावी लागंल, जुना खड्डा मोकळा करावा लागंल."

"फरशी नाही फोडायची. दुसरीकडे घ्या ना खड्डा."

"मागं बोअर हाय, पुढं सिमेंटचा रोड. दुसरीकडं कुठं?"

"काका, अप्पांच्या खुर्चीसाठी केलंय ते. पुन्हा अडकेल." मग त्याचा आवाज उतरला. "थांबा. फरशी फेब्रुवारीत झाली. मार्चमध्ये मशीन जळलं, ते माझ्यामुळे?"

मल्लम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"त्या टायमाला डबा नव्हता," मामा म्हणाला. "खड्डा वला असता तरी जळलं असतं कदाचित. ते मला सांगता येत न्हाई. पण आता डबा हाय, तर त्याला जमीन देऊ."

आतून चन्नबसप्पांचा आवाज आला, दर दोन शब्दांना थांबत. "रुद्रेश. खुर्ची अडकली तर. कुणीबी ढकलंल. श्वास कोण ढकलणार?"

"फोडा काका," रुद्रेश म्हणाला.

पण फोडायचं कुठे? सगळ्या फरश्या सारख्या. जुनी न्हाणी पाडलेली, नळ हलवलेला. खड्डा मामानेच खणलेला, पण त्याच्या खुणा न्हाणीच्या भिंतीपासूनच्या होत्या आणि ती भिंतच आता नव्हती. ऑपरेशनचा डोळा उन्हात गळत होता. दोनदा त्याने पावलं मोजली, दोनदा वेगळ्या फरशीवर येऊन थांबला.

"अंदाजानं नका फोडू भाऊ," मल्लम्मा म्हणाली. "थांबा."

ती ओट्यावरून उतरली. फरशीच्या मध्यावर आली, पुन्हा दोन पावलं मागे गेली आणि उकिडवी बसली. डावा हात वर केला, नसलेल्या नळाच्या उंचीवर. उजव्या हाताने नसलेलं पातेलं घासलं. जरा सरकली. पुन्हा हात वर केला. एवढ्या वर्षांची भांडी तिच्या खांद्यात होती.

"नळ इथं. मी अशी बसायचे. ऊन पाठीवर यायचं." तिने नसलेलं पातेलं उजवीकडे उपडं केलं आणि ते पाणी कुठे जाईल त्या बाजूला बघितलं. "इकडं. ह्या दुसऱ्या फरशीखाली."

मामाने छिन्नी त्याच फरशीवर ठेवली.

फरशी निघाली, खालचं सिमेंट निघालं आणि पाइपाचं गंजलेलं तोंड दिसलं. माती पाइपापासून सुटून उभी होती, मधल्या फटीत माझा हात मनगटापर्यंत गेला. आत गरम होतं. मामाने मातीला हात लावला नाही, नुसता वाकून बघत राहिला. तीस वर्षांपूर्वीचं त्याचं काम होतं ते.

"वहिनी, एक बादली," तो म्हणाला.

बादली आली. बादलीबरोबर तांब्या आला. मामा आधी तांब्यातलं पाणी प्यायला. बादली ओतली तर माती सूं सूं करत पाणी आत ओढायला लागली, वर थेंब राहिला नाही. सातव्या बादलीला पाणी जरासं थबकलं. मग जुनं काढून नवं मीठ आणि कोळसा भरला, तार नवी बांधली. संध्याकाळी बल्ब पुन्हा लावला तेव्हा तो लख्ख पेटला. मल्लम्माने डोळ्यांवर हात धरला.

खड्ड्यावर मामाने फरशीच्या बरोबरीने लोखंडी झाकण बसवलं. खुर्ची त्यावरून गेली की टक असा आवाज यायचा, अडकत मात्र नव्हती. जाताना मल्लम्माला त्याने तीन गोष्टी पाठ करून घ्यायला लावल्या. आभाळ गडगडलं की मशीनचा प्लग काढायचा आणि सिलेंडर लावायचा. लाइट गेली की आधी खिडकीचा रंग बघायचा, मगच पडलेला खटका वर करायचा. आणि रोज पाणी. रुद्रेशला सांगून डब्याच्या आतला, जळल्यावर बदलायचा जादा तुकडाही मागवून घेतला.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी चारला आभाळ काळं झालं. सिलेंडर त्या दिवशी भरायला नांदेडला गेलेला होता. मल्लम्माने नंतर हे सगळं मला सांगितलं, जेवढं आठवत होतं तेवढं. प्लग काढावा तर लावायला सिलेंडर नाही. ती खाटेजवळ बसून नवऱ्याचा हात धरून राहिली. रेल्वे क्वार्टरमागच्या खांबावर वीज पडली तेव्हा खिडक्यांच्या काचा वाजल्या, लाइट गेली आणि मशीनचा इशाऱ्याचा भोंगा लांबलचक ओरडायला लागला. गल्लीत कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा पंखा, कुणाच्या पाण्याच्या मोटरमधून धूर निघाला. ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा तिला फक्त मशीनचं ओरडणं ऐकू येत होतं.

"बोर्डापाशी गेले तर खिडकी लाल," ती म्हणाली. "वाटलं, गेलं सगळं. मग भाऊंचं बोलणं आठवलं. लाल म्हणजे डब्यानं आपल्यावर घेतलं. खटका वर केला."

दोन क्षण काही नाही. मग शीऽऽ.

मामा रिक्षा करून पाऊण तासात पोचला. जळालेला तुकडा काढून नवा बसवला, बल्ब लावून बघितला, मग खाटेशी जाऊन उभा राहिला.

"अजून हाय मी," चन्नबसप्पा म्हणाले.

"दिसतंय मालक."

जळालेला तुकडा मामाने पिशवीत टाकला. तो आता आमच्या घरी खिडकीत आहे. त्या तुकड्याला जळाल्याचा वास अजून येतो, असं आई म्हणते. मला येत नाही.

परवा मी मल्लम्माकडे गेले होते, रुद्रेशने पाठवलेली औषधं द्यायला. सकाळचे सात वाजले असतील. ऑक्सिजनच्या मशीनला एक बाटली असते. नाक कोरडं पडू नये म्हणून हवा तिच्या पाण्यातून बुडबुड करत येते. ते पाणी रोज बदलतात. मल्लम्माने कालची बाटली काढली, नवी भरून लावली आणि जुनी हातात घेऊन अंगणात आली. न्हाणीची बादली आधीच भरून ठेवलेली होती. तिने झाकण उचललं, बादली ओतली आणि शेवटी त्या बाटलीतलं पाणीही थेंब थेंब झटकून खड्ड्यात रिकामं केलं.

मग झाकण लावलं आणि मला म्हणाली, "बस गं. पाणी आणते तुला."