गॅलरीला ॲल्युमिनियम

माझ्या सासरच्या घराला रस्त्याच्या अंगाला लाकडी गॅलरी होती आणि ती बायकांसाठी नव्हती. असं कुणी तोंडानं म्हणायचं नाही. म्हणायची गरजच पडायची नाही, कारण तिच्या फळ्या करकरायच्या. पाऊल टाकलं की खालच्या सोप्यात बसलेले मामंजी, म्हणजे माझे सासरे, पेपरातून मान वर न काढता विचारायचे, "कोण हाय वर?" पुरुष असला तर "मी" म्हणायचा आणि तिथंच उभा राहायचा. बाई असली तर न बोलता आत यायची.

मी लग्न होऊन कोल्हापुरात आले ती नव्वदीच्या सुरुवातीला. माहेर चंदगडकडचं. तिथं पाऊस माणसाला कोंडून घालतो, पण निदान तो पाऊस असतो. इथं शाळेत चाळीस पोरांसमोर मी दिवसभर घसा ताणून शिकवायचे आणि घरी आल्यावर दाराबाहेर दोन पावलं टाकायची चोरी. याचा मला संताप यायचा. सासूबाईंनी तर त्या घरात तीस-पस्तीस वर्षं काढली होती. समोरच्या तालमीची गणपतीची मिरवणूक त्यांनी दरवर्षी खिडकीच्या फटीतून पाहिली.

दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात फळ्या कुजल्या आणि माझ्या नवऱ्याचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. मामंजींनी लगेच निकाल दिला, "काढून टाका ती. दार बी विटांनी बुजवा. कुणाच्या कामाची न्हाय." गवंड्यानं सांगितलं की स्लॅबचं वजन जुन्या भिंतीला पेलणार नाही. सुतारानं सागवान सुचवलं, पण मामंजींना आता गॅलरीच नको होती. दार एकदा बुजलं की ते कायमचं बुजणार, हे मला कळत होतं. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले होते तेव्हा मी म्हणाले, "गॅलरी राहणार. खाली काय घालायचं ते मी बघते." नवरा भाकरी मोडता मोडता थांबला. सासूबाईंनी आमटी वाढली.

शाळेच्या वाटेवर उद्यमनगरात बस आणि ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक कारखाना होता. ॲल्युमिनियमचे पत्रे तिथं मी रोज बघायचे. वजनाला हलकं, गंजत नाही, कुजत नाही. लाकडाचं पावसात काय होतं ते चंदगडच्या पोरीला कुणी शिकवायची गरज नाही. पण माझं खरं कारण वेगळं होतं. मला न करकरणारी जमीन हवी होती. मामंजींना पत्ता न लागता मला तिथं उभं राहायचं होतं.

कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला आधी वेड्यात काढलं आणि मग खुर्ची दिली. बसमध्ये पायाखाली असतो तो उठावाच्या नक्षीचा पत्रा मी मागितला. ते म्हणाले, "त्यो नगो, बाई. मधी दबतोय, मग पाणी साठतंय." त्यांनी ट्रकच्या हौद्याच्या कडेला लावतात त्या फाळक्याच्या पट्ट्या दाखवल्या. आतून पोकळ, वरून रेघा असलेल्या, एकीच्या कडेत दुसरी बसणाऱ्या. पाऊल घसरत नाही आणि थोडा उतार दिला की पाणी पुढच्या पन्हाळीत जातं. गॅलरीखालच्या जुन्या लोखंडी अँगलवर मात्र त्या थेट टेकवायच्या नाहीत, नाहीतर ओल्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रबराची पट्टी हवीच.

मामंजींना पट्टीचा तुकडा दाखवला तर म्हणाले, "घराची यष्टी करताय व्हय? आन् उन्हाळ्यात काय तव्यावर हुबं ऱ्हायाचं?" प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्तच झोंबला. पाऊस उघडल्यावर एका रविवारी मी मागच्या अंगणात तो तुकडा, एक फरशी आणि एक फळी उन्हात मांडली आणि नवऱ्याला अनवाणी उभं केलं. बारा वाजता त्यानं ॲल्युमिनियमवरून उडीच मारली. मामंजी खूश झाले. पाच वाजता मी पुन्हा उभं केलं. फरशी अजून भाजत होती, ॲल्युमिनियम सावली पडताच निवलं होतं. मी म्हणाले, "बारा वाजता गॅलरीत कोण जातंय? पाच वाजता जायचं असतं." मामंजींनी पेपर उघडला, आणि मी तो होकार धरला. त्यांनी नाही म्हटलं असतं तरी मी धरलाच असता.

शेवटचं एकच ठरायचं राहिलं. मिस्त्री म्हणाले होते, "पोकळ पट्टी हाय, चालताना वाजणार. वर जाड रबरी चटई टाका, मांजर गेल्यागत हुईल." मला तर हेच हवं होतं. घरी येऊन मी स्वयंपाकघरात सासूबाईंना हळूच सांगितलं की चटई टाकली की आपण कधीही बाहेर उभं राहू शकतो, खाली कळणारसुद्धा नाही.

त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "चटई नगं."

मी म्हटलं, "का?"

"चोरून बघायला खिडकी हाय की मला. त्येच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?"

मला लाज वाटली. एवढी शिकलेली, नोकरी करणारी मी, आणि बंड करायला निघाले होते ते मांजराच्या पावलांनी. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना चटई नको म्हणून सांगून आले.

पट्ट्या बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई डोक्यावर पदर घेऊन दाराशी आल्या. उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या आणि बाहेर गेल्या. पट्ट्या चांगल्या खणखणल्या. मामंजी तेव्हा सोप्यात नव्हते. तालमीच्या कट्ट्यावर चार सोबत्यांबरोबर बसले होते, अगदी समोर. आवाजानं पाचही जणांनी वर बघितलं. मामंजी उठून रस्ता ओलांडून गॅलरीखाली आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आत जा. लोक बघत्यात."

सासूबाईंनी दोन्ही कोपरं कठड्यावर टेकली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी न्हाय जाणार. तुमाला बघवत नसंल तर तुमी जावा आत."

मामंजींनी एकदा कट्ट्याकडं वळून बघितलं. मग खाली मान घालून खरंच घरात गेले.