गोडबोल्यांची ढाल

२००४ साली इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये मला शेजाऱ्याच्या आडनावाचा हेवा वाटला.

शेजारी म्हणजे फ्लेचर, लायब्ररीतून रिटायर झालेले. त्यांच्या हॉलमध्ये एके दिवशी फ्रेम केलेली ढाल लागली, इंग्रजांची घराण्याची खूण असते तशी. निळ्या ढालीवर तीन बाण! "फ्लेचर म्हणजे बाण बनवणारे," ते सहज म्हणाले. सहज! माझा असा जळफळाट झाला, की चहा अर्धा टाकून घरी आलो.

त्यातून पुढच्या आठवड्यात पुण्याहून आई-बाबा येणार. हेडमास्तर बाबांनी मला आयुष्यात एकदाही 'शाब्बास' म्हटलेलं नव्हतं. आणि ते इथे येऊन फ्लेचरच्या बाणांचं कौतुक करणार?

"आपणही खानदानी ढाल लावू," मी बायकोला म्हटलं. "गोडबोले आहोत आपण!"

"हो? नऊ वर्षं वाट बघतेय, कधी बोलताय गोड," सुनीता म्हणाली.

शॉपिंग सेंटरमध्ये आडनावांच्या ढाली छापून देणारा स्टॉल होता. त्याच्या यादीत इंग्रजांमधले सुतार होते, लोहार होते, खाटीकसुद्धा होते; गोडबोले नव्हते! मग मीच कॉम्प्युटरवर बसलो. सिंह घेतला, त्याच्या पंजात मोदक दिला (गोड बोलायचं तर गोड खायला नको?). स्टॉलवरच्या काही ढालींवर तिरका पट्टा होता. म्हटलं, तिरकंच हवं तर आपलं जानवं काय वाईट? डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे, सोनेरी!

आल्या आल्या बाबांनी हॉलमध्ये फ्रेम करून लावलेली ढाल पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! घराण्याचं नाव काढलंस." मी लगेच फ्लेचरना चहाला बोलावलं. जळू दे म्हातारा!

फ्लेचरनी चष्मा लावला, ढाल पाहिली आणि कानापर्यंत लाल झाले.

"व्हेरी ब्रेव्ह ऑफ यू," ते पुटपुटले.

"का हो?"

"ढाल धरणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून पट्टा आला की आमच्याकडे लोक समजतात, घराण्यात कुणीतरी... अं... लग्नाशिवाय जन्मलेलं आहे."

आईच्या हातातला पोह्यांचा चमचा हवेतच राहिला. बाबांचं इंग्रजी उत्तम (दुर्दैवानं!).

"पण तुमची ढाल?" मी घाईघाईनं विषय बदलला.

"ती? मुलीनं गंमत म्हणून स्टॉलवरून आणली. ढाल आडनावाला नसते, एकेका माणसाला मिळते. आमच्यात कुणालाच मिळालेली नाही."

म्हणजे मी आठवडाभर एका छापील कागदावर जळत होतो! फ्रेम उतरवायला उठलो, तर बाबांनी हात धरला.

"राहू दे," ते शांतपणे म्हणाले. "तू माझ्यावर गेलेला नाहीस, हे मी तुझ्या आईला पस्तीस वर्षं सांगतोय. आज तू स्वतःच फ्रेम करून भिंतीवर लावलंस!"